विषय गल्ल्यावर शोधा, आणि गुगल हललं की आधी पंचांग काढा

मी सोलापुरातल्या तीन धंद्यांच्या वेबसाइटसाठी मराठीत लिहिते. एक चादरी-टॉवेलचं दुकान, एक शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती उद्योग, एक डाळिंबाच्या रोपांची नर्सरी. धंदे वेगळे, गिऱ्हाइकं वेगळी, पण तिन्ही मालक मला फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात. "ताई, आता नवीन काय टाकायचं?" आणि "गुगलनं परत काही केलंय का हो? फोन कमी झालेत." पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट शोधलं तर दुसऱ्याची धास्ती बरीच कमी होते, असं माझं मत आहे. म्हणून आधी विषयांचं बघू.

विषय ऐकायचे कुठे

कुठलंही टूल उघडण्याआधी दुकानात गल्ल्याजवळ जाऊन बसा. दुकान नसेल तर फोन कोण उचलतं त्याच्याजवळ बसा.

चटणीवाल्या काकूंना पुण्याहून, बंगळुरूहून ऑर्डरी येतात. त्यांना एक फोन ठरलेला असतो: "अहो, पाकिटाला आतून तेल सुटलंय, चटणी खराब झाली का?" सोलापुरात हा प्रश्न कुणाच्या तोंडून येणार नाही. इथे तेल सुटलेली चटणी म्हणजे नीट कुटलेली चटणी. भाजलेले दाणे लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटले की दाणा चेपला जातो, त्यातलं तेल वर येतं आणि चटणी बोटांत धरली तर गोळा होतो. मिक्सरला दोन झटके दिले की होते ती कोरडी पूड, आणि तिचीच सवय असलेल्या माणसाला हे तेल बघून शंका येणारच.

हा प्रश्न कीवर्डच्या टूलमध्ये, म्हणजे एखादा शब्द महिन्यात किती वेळा शोधला जातो ते सांगणाऱ्या टूलमध्ये टाका, समोर शून्य दिसेल. मी तरी त्यावर स्वतंत्र पान केलं. कुटण्याआधीचे दाणे, उखळ, कुटल्यावर बोटांनी दाबलेला गोळा, असे तीन फोटो काकूंच्या स्वयंपाकघरातच काढले. खाली खरोखर खराब झालेली चटणी कशी ओळखायची ते लिहिलं: वास खवट येतो, चव कडसर लागते, आणि ओला चमचा घातला असेल तर बुरशी दिसते. आता कुणी फोन केला की काकू बोलत बसत नाहीत, त्या पानाची लिंक पाठवतात. शोधातून कुणी आलं नसतं तरी पान वसूल होतं. पण लोक शोधातूनही येतात. गुगल अनेक वर्षं सांगत आलंय की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यांनी आधी कधी पाहिलेलेच नसतात. टूलमधला शून्य आकडा म्हणजे विषय मेलेला, असं धरून चालू नका.

प्रश्न उतरवून घेताना तो विचारणाऱ्याच्या शब्दांत घ्या, तुमच्या शुद्ध मराठीत नको. नर्सरीत शेतकरी येतो तो "मर रोगाचा प्रादुर्भाव" म्हणत नाही. तो म्हणतो, "ताई, झाडं एका अंगानं वाळाय लागल्यात." शीर्षकात "डाळिंबाचं झाड एका बाजूनं वाळतंय" असं ठेवा आणि मर रोग हा शब्द आत येऊ द्या. दोन्ही प्रकारे शोधणारा माणूस एकाच पानावर आला पाहिजे.

जुन्या व्हॉट्सॲप गप्पाही सोडू नका. धंद्याच्या फोनवर शोधाच्या जागी "कसं", "किती", "फरक", "चालेल का" असे शब्द टाकले की विसरलेले प्रश्न वर येतात. अण्णांच्या चादरीच्या दुकानात असं केलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळा निघाला तो प्रश्न "ही खरी सोलापुरीच आहे ना?" हा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेर विणलेला माल सोलापूरच्या नावावर विकला जातो, त्यामुळे गिऱ्हाइकाची शंका रास्त आहे. त्या पानासाठी मी यंत्रमागावर जाऊन जॅकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी उमटवणारी वीण जवळून टिपली आणि एकाच चादरीच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवल्या. नक्षी तीच, रंग उलटे. हा एक फोटो पानभर मजकुरापेक्षा जास्त कामाचा ठरला.

मग गुगलची खिडकी

प्रश्न हाती आला की लोक तो टाइप कसा करतात ते बघायचं. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुमच्याच जुन्या शोधांची सावली पडत नाही. "सोलापुरी चादर" लिहून एक जागा सोडा आणि क, कि, कु, ध, व अशी एकेक अक्षरं टाकत खाली येणाऱ्या सूचना लिहून घ्या. हेच काम इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून परत करा. दोन्हीकडच्या सूचना वेगळ्या येतात, कारण माणसं वेगळी. मराठीत बोलणारे पण इंग्रजी अक्षरांत टाइप करणारे आपल्याकडे खूप आहेत. आणि माइकवर बोलून शोधणारे? ते अख्खं वाक्य बोलतात. निकालात मधे जी प्रश्नांची चौकट येते तिच्यातला एकेक प्रश्न उघडत गेलात तर खाली आणखी प्रश्न वाढत जातात. तेही टिपा. याला पैसे लागत नाहीत. विकतची टूलं मी मराठीसाठी फारशी वापरत नाही. मराठीचे त्यांचे आकडे मला पोकळ वाटतात.

साइट काही महिने जुनी असेल तर खरा खजिना सर्च कन्सोलमध्ये आहे, म्हणजे आपली साइट कुठल्या शोधात दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गुगलच्या टूलमध्ये. परफॉर्मन्सच्या अहवालात क्वेरीचा, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांचा फिल्टर घ्या, त्यात रेजेक्सचा (शब्दांचा साचा देऊन गाळण्याचा) पर्याय निवडा आणि हे टाका:

कसा|कशी|कसे|कसं|किती|कुठे|कधी|फरक|ओळख

उभी रेघ म्हणजे "किंवा". यामुळे फक्त प्रश्नाच्या रूपातले शोध उरतात. "का" हा शब्द यात घालू नका. तो "कापड", "काळी", "दुकान" अशा सगळ्या शब्दांच्या पोटात सापडतो आणि यादी भरून जाते. हीच यादी इंग्रजी अक्षरांतल्या रूपांसाठी परत चालवा.

आता सरासरी स्थान, म्हणजे निकालात पान कितव्या नंबरावर दिसतं ते, आठ ते वीसच्या दरम्यान असलेल्या ओळी बघा. गुगल तुमचं पान दाखवतंय, पण मागे. तो प्रश्न तुमच्या पानावर खरंच सोडवलाय का? बहुतेक वेळा एका ओळीत उल्लेख असतो आणि बाकी पान दुसऱ्याच गोष्टीवर असतं. अशा वेळी त्या प्रश्नाला वेगळं पान द्या, किंवा आहे त्या पानात त्याला नीट जागा करा. मात्र एकाच प्रश्नावर तीन पानं करू नका, ती एकमेकांनाच खाली ओढतात. आणि फार विरळ शोध गोपनीयतेसाठी हा अहवाल दाखवतच नाही. गल्ल्यावरची वही म्हणूनच बंद करायची नाही.

हंगाम

सोलापूर जिल्ह्यात राहून ज्याला विषय सुचत नाहीत त्यानं भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढावी. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा. नंदीध्वज, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. थंडीत हुरडा. उन्हाळ्यात टॉवेल आणि पातळ पांघरुणं. आषाढीला पंढरपूर. वर्षभर अक्कलकोट. डाळिंबाचे तीन बहार: आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात.

गुगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून पाच वर्षांचा काळ लावा आणि "हुरडा" टाका. दर हिवाळ्यात सुळका दिसेल, मधे सपाट. तिथला १०० हा आकडा म्हणजे शंभर शोध नव्हेत. त्या काळातल्या सर्वात वरच्या बिंदूला १०० धरून बाकीचं मोजमाप केलेलं असतं. तुम्हाला त्यातून एकच गोष्ट काढायची आहे: चढण कधी सुरू होते. पान त्याच्या महिना-दोन महिने आधी तयार पाहिजे, कारण नवं पान गुगलला सापडून स्थिरावायला वेळ लागतो. हुरड्याचा लेख संक्रांतीला टाकणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. तसंच डाळिंबाचं. शेतकरी बहार धरायला बागेला ताण देतो, आणि ताण किती दिवस द्यायचा हे तो पाणी तोडण्याआधी शोधतो, नंतर नाही.

काही विषय सोडायचेही असतात. "सोलापुरात आज पाणी कुठल्या भागात" हा शोध आमच्या शहरात रोज होत असणार, रोज नळ न येणाऱ्या गावात दुसरं काय होणार? अण्णांनीच सुचवलं होतं, "ते टाका, गर्दी येईल." गर्दी येईल, पण मला ती माहिती खात्रीनं कुठून मिळणार? आणि पाण्याची वेळ बघायला आलेला माणूस चादर घेत नाही. "पंढरपूरची संपूर्ण माहिती" हाही तसलाच विषय. शेकडो पानं आहेत, मी त्यात काय भर घालणार? तेच "वारीत पांघरायला चादर न्यावी की शाल, ओली झाली तर किती वेळात वाळते" हे मात्र अण्णा सांगू शकतात, कारण वारकरी त्यांच्याकडून नेतात आणि परत येऊन बोलून दाखवतात.

आता गुगलचं

निकालांचा क्रम ठरवायच्या पद्धतीत गुगलनं मागे काय-काय बदललं ते थोडक्यात. २०११ मध्ये पांडा नावाच्या बदलानं उथळ पानं खाली ढकलली. २०१२ मध्ये पेंग्विन नावाच्या बदलानं विकतच्या लिंकांवाल्यांना धरलं. २०१५ मध्ये मोबाइलवर नीट न दिसणारी पानं मागे गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बर्ट नावाचं भाषा समजणारं तंत्र आलं, आधी इंग्रजीत, डिसेंबरात मराठीसकट सत्तरहून अधिक भाषांत, आणि वाक्यातल्या छोट्या शब्दांचा संबंध गुगलला जास्त कळू लागला. ऑगस्ट २०२२ मध्ये उपयुक्त मजकुराचा बदल आला. मार्च २०२४ मध्ये तो मुख्य रँकिंगमध्येच मिसळला. तो बदल ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपला. नावं विसरलात तरी चालेल, दिशा एकच आहे: माणसाऐवजी यंत्रासाठी केलेलं पान दर वेळी थोडं आणखी मागे जातं.

ही दिशा कळली की बऱ्याच आयडिया ऐकतानाच बाद होतात. अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं, "तालुक्या-तालुक्याचं एकेक पान करा. बार्शीत सोलापुरी चादर, माढ्यात सोलापुरी चादर, सांगोल्यात सोलापुरी चादर." आत मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदलायचं. गुगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना डोअरवे म्हणतात आणि ती सरळ नियमबाह्य आहेत. एआयकडून रातोरात दोनशे लेख लिहून घेणंही मार्च २०२४ पासून मोठ्या प्रमाणावरच्या मजकुराच्या गैरवापरात मोडतं. एआय वापरण्यावर बंदी नाही. कुणाच्या उपयोगाचं नाही असं ढिगानं ओतण्यावर आहे.

फोन कमी झाले तर

पहिलं काम म्हणजे साइटला हात न लावणं. घाबरून शीर्षकं बदलणारे लोक मी खूप बघते, आणि मग नेमकं काय कशामुळे झालं ते कुणालाच कळत नाही.

दुसरं काम पंचांगाचं. आषाढी सरली की पंढरपूरच्या पानांवरची गर्दी ओसरते. थंडी गेली की हुरड्याची, आणि जाड चादरीचीही. हा अल्गोरिदम, म्हणजे गुगलचा क्रम लावायचा हिशेब बदलल्याचा परिणाम नव्हे. म्हणून आकडे मागच्या महिन्याशी ताडू नका, मागच्या वर्षाशी ताडा. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा हिशेब ठेवतो, त्यामुळे ते जमतं. पण इथे मराठी साइटला एक खास खड्डा आहे. कन्सोलची वर्षाशी वर्ष तुलना तारखेला तारीख लावते आणि आपले सण तिथीवर चालतात. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला. तुम्ही जुलैशी जुलै ताडलात तर एका वर्षी उगाच उसळी दिसणार, आणि जूनशी जून ताडलात तर उगाच पडझड. तुलनेचा पर्याय "सानुकूल" वर ठेवा आणि एकादशीच्या आधीचे तीन आठवडे दोन्ही वर्षांचे हातानं निवडा. गड्ड्याला ही अडचण नाही. तो संक्रांतीला बांधलेला, म्हणजे सूर्यावर चालतो, एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पडला. तिथे तारखेला तारीख लावा, खुशाल.

हंगाम बाजूला काढूनही घट उरली तर तांत्रिक गोष्टी तपासा. पान उघडतंय का, साइट बनवणाऱ्या पोरानं काही बदलताना नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका अशी खूण) लावून ठेवलंय का, कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गुगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची नोटीस आहे का. फोनवरून थेट चढवलेले चादरीचे फोटो हे साइट रांगण्याचं आमच्याकडचं ठरलेलं कारण. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे असं गुगल म्हणतं. फोटो लहान करून चढवा, निम्मं काम होतं.

मग गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर जा, तिथे गुगल शोधातले बदल जाहीर करतं. मोठा बदल चालू असेल तर सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख तिथे असते. मधल्या दिवसांत आकडे वर-खाली होतात, त्यावरून काही ठरवू नका. बदल संपल्यावर निदान एक आख्खा आठवडा जाऊ द्या, मग बदलाआधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी ठेवून बघा, असं गुगलचंच सांगणं आहे.

बघताना तीन आकडे वेगवेगळे वाचा. इम्प्रेशन्स (पान निकालात किती वेळा दिसलं तो आकडा) घटले आणि स्थान तेच आहे, तर लोकच कमी शोधतायत. स्थान दोनावरून चारावर गेलं, तर ते किरकोळ आहे, हात लावू नका. पहिल्या पाचातून विसाच्या पलीकडे गेलं, तर पान मुळातून बघायला हवं. आणि इम्प्रेशन्स तेवढेच, स्थान तेच, फक्त क्लिक घटले, तर वर काहीतरी नवं आलंय. भारतात ऑगस्ट २०२४ पासून एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयनं लिहिलेली थोडक्यात उत्तरं दिसू लागली. ज्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं ते लोक वरच वाचतात आणि निघून जातात. "चादर कोमट पाण्यात धुवावी का" याच्या क्लिकसाठी भांडण्यात अर्थ नाही. ज्याला फोटो लागतो, भाव लागतो, कुणाचा हात लागतो, असे विषय धरा. वीणेच्या दोन बाजूंचा फोटो बघायला माणसाला पान उघडावंच लागतं. निकालाखाली पूर्वी प्रश्नोत्तरांच्या ओळी दिसायच्या, त्या ऑगस्ट २०२३ पासून गुगलनं सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइटींपुरत्या ठेवल्या. त्या गेल्या म्हणून तुमचं पान घसरलं, असं समजू नका.

पान खरंच बघायची वेळ आली तर मी ते त्या धंद्यातल्या माणसासमोर बसून मोठ्यानं वाचते. जिथे काकू म्हणतात "हे सगळ्यांनाच माहीत असतं" ती ओळ जाते. जिथे म्हणतात "असं नसतं गं" तिथे त्या सांगतील ते येतं. लिहिणारं कोण, हे पानावर दिसू द्या. डिसेंबर २०२२ पासून गुगलच्या गुणवत्ता तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत प्रत्यक्ष अनुभव हा वेगळा मुद्दा आहे. नर्सरीच्या पानांवर तर मी फवारणीचं प्रमाण स्वतःच्या मनानं कधीच लिहीत नाही. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांची शिफारस बघायची, तिचा दुवा द्यायचा, आणि नर्सरीवाल्यांनी त्यांच्या बागेत काय पाहिलं ते वेगळ्या परिच्छेदात. डाळिंबाचा तेल्या रोग जिवाणूमुळे होतो आणि मर रोग मुख्यतः बुरशीमुळे. यात गोंधळ झालेलं पान वाचून कुणी भलतंच औषध मारलं तर बाग जाते.

मजकूर तोच ठेवून वरची तारीख फक्त नवी करणं सोडून द्या, गुगल ते ओळखायचा प्रयत्न करतं आणि वाचणारा तर ओळखतोच. शब्दसंख्येचाही नाद नको. कुठलाही ठरावीक आकडा आवडत नाही असं गुगलनं लिहून ठेवलंय. दुरुस्ती केली की कुठलं पान, कोणत्या तारखेला, काय बदललं हे टिपून ठेवा. फरक दिसायला कधी काही दिवस लागतात, कधी महिने.

या सगळ्या काळात धंदा थांबायला नको, म्हणून जुन्या गिऱ्हाइकांची व्हॉट्सॲप यादी त्यांना विचारून बनवा आणि नवं पान आधी तिथे पाठवा. गुगलवरची दुकानाची प्रोफाइलही लेखांइतकीच सांभाळा. गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानावर गर्दी असते आणि दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं राहतं. ती बदललेली वेळ "विशेष वेळ" म्हणून आठवडाभर आधी भरा. जत्रेला आलेला माणूस वीणेवरचा लेख वाचत बसत नाही, तो दुकान उघडं आहे का एवढंच बघतो.